डीजे ठरवण्याआधी घड्याळ बघ

पत्र:

मावशी,
डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझं लग्न आहे. लग्न सकाळी, रिसेप्शन त्याच दिवशी संध्याकाळी ७ ते ११, साताऱ्याबाहेरच्या एका लॉनवर. माणसं साधारण चारशे. डीजेवरून घरात रोज वाद चाललेत. दादाच्या मित्राची डॉल्बी आहे, तो पंचवीस हजारांत करतो म्हणतो. मला इन्स्टावर पुण्याचा एक डीजे आवडलाय, तो लाइटसकट साठ मागतो. बाबा म्हणतात, दोन्ही नको, सनई लावा आणि माणसांना बोलू द्या. त्यांची दोन वर्षांपूर्वी बायपास झालीय. आजी ८४ वर्षांची आहे. माझ्या आणि नवऱ्याच्या मित्रांना मात्र नाचायचंच आहे. नवरा सोलापूरचा, त्यांच्या घरी तेलुगू बोलतात. त्यांची एक बस येऊन रात्रीच परत जाणार आहे. कोणता डीजे घेऊ?
– वैतागलेली नवरी, सातारा

वैतागलेल्या नवरीबाई,

पंचवीस आणि साठ यांतला एक आकडा निवडून दे, असं तू म्हणतेस. माझं लक्ष मात्र अडकलं ते ११ वर. हा अकरा आधी खोड, मग डीजेचं बोलू.

लॉन म्हणजे उघडी जागा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या केंद्राच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. बंद हॉलमध्ये आतल्या आत वाजवायला सूट आहे. वर्षातले मोजके दिवस सरकार रात्री १२ पर्यंत मुभा देतं, ती सणा-उत्सवांना. तुझ्या लग्नाला नाही. लॉनवाला म्हणेल, "ताई, इथं कोण बघतंय, साडेअकरापर्यंत चालतं." चालतं, चालत नाही तोवर. शेजारच्या सोसायटीतून ११२ ला एक फोन गेला की पोलीस येतात, आणि ते गेटातून आत येताना दिसले की डीजे आधी वायरी काढायला लागतो, कारण जप्त होणारं सामान त्याचं असतं. नाचता नाचता सगळे जागच्या जागी उभे, आणि तुझे बाबा गेटाशी हात जोडून. मी हे पाहिलेलं आहे.

तेव्हा संगीत १० ला बंद. आता उलटा हिशेब करू. बावीस वर्षं मी एका मंगल कार्यालयाच्या ऑफिसात बसले, आणि पत्रिकेवर ७ छापलेलं रिसेप्शन ७ ला सुरू झालेलं एकदाही पाहिलं नाही. पाहुणे येतात पावणेआठला. नवरी पार्लरवालीच्या हातातून सुटते सव्वाआठला. (रागावू नकोस, तूही सव्वाआठलाच सुटशील.) चारशे माणसं म्हणजे सव्वाशेच्या आसपास कुटुंबं. एक कुटुंब स्टेजवर चढतं, पाकीट देतं, फोटोग्राफर "काका, थोडं आत या" म्हणतो, कोणाचं तरी पोरगं रडतं, मग सगळे उतरतात. पाऊण मिनिट धर. सव्वाशे कुटुंबांची रांग झाली दीड तासाची. सव्वाआठ अधिक दीड तास, पावणेदहा. राहिली पंधरा मिनिटं. डीजे पुण्याचा घे नाहीतर साताऱ्याचा, पंचवीसचा घे नाहीतर साठचा, तुझ्या आत्ताच्या वेळापत्रकात तो पंधरा मिनिटं वाजवणार आहे. तोवर डिसेंबरचा गारठा पडलेला असेल, आजी शालीत गुंडाळून गाडीत बसलेली असेल, आणि जिला पुढे चार-पाच तासांचा रात्रीचा रस्ता आहे ती सोलापूरची बस कधीच सुरू करून ठेवलेली असेल.

म्हणून पत्रिका छापली नसेल तर साडेसहा छाप. छापून झाली असेल तर दोन्ही घरच्या ग्रुपवर टाक की आम्ही दोघं पावणेसातला स्टेजवर आहोत. पार्लरवालीला एक तास अलीकडची वेळ सांग, आणि ती खोटी आहे हे तुझ्या आईलाही कळू देऊ नकोस. पावणेसात ते सव्वाआठ स्टेजची रांग. सव्वाआठला, रांग संपलेली असो वा नसो, दोघं खाली उतरा. सव्वाआठ ते सव्वानऊ नाच. नंतर तुमचं जेवण, आणि उशिरा आलेल्यांना त्यांच्या टेबलापाशी जाऊन भेटणं. स्टेजवरच्या पाऊण मिनिटापेक्षा ते लोकांना जास्त आवडतं. नवरी स्वतः येऊन "बासुंदी घेतली का?" म्हणाली, हे माणसं दहा वर्षं सांगत राहतात.

असं मांडलं की घरातला निम्मा वाद आपोआप मिटतो. तुझे बाबा पहिल्या दीड तासापुरते अगदी बरोबर आहेत. रिसेप्शनचा तो वेळ बोलण्याचा असतो. वर्षानुवर्षं न भेटलेले मावसभाऊ भेटतात, कुणाच्या पोरीसाठी कुणाचा पोरगा हेरला जातो, दोन्हीकडचे मामा एकमेकांच्या गावचे निघतात. तिथे सनईच हवी. सकाळच्या लग्नाला सनईवाले येणारच असतील, तर त्यांनाच संध्याकाळच्या दीड तासाचं विचार. एकदा आलेली माणसं संध्याकाळसाठी फार जास्त मागत नाहीत. ते नको असेल तर डीजेकडून बासरी-संतूर लाव. आवाज किती ठेवायचा, याला मीटर लागत नाही. आजीच्या खुर्चीत बस आणि शेजारच्या माणसाला नेहमीच्या आवाजात काहीतरी विचार. त्याला "काय?" म्हणावं लागलं तर आवाज जास्त आहे.

आमच्या कार्यालयात एकदा नवरीचे आजोबा रिसेप्शनभर सापडेनात. शोधाशोध झाली. सापडले भटारखान्यात, आचाऱ्याच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर, कानात कापूस घालून. नातीच्या लग्नाला दोनशे किलोमीटरवरून आलेला माणूस कढईतल्या पुऱ्या मोजत बसला होता. तेव्हापासून डीजेचा विषय निघाला की मी आधी विचारते, घरातल्या म्हाताऱ्यांची खुर्ची कुठे ठेवणार?

आता दादाच्या मित्राची डॉल्बी. हा शब्द आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरचा खास. डॉल्बी हे खरं तर एका अमेरिकन अभियंत्याचं आडनाव. त्याने १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली, ती टेपवरच्या रेकॉर्डिंगमधली खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी. खरखर काढणाऱ्या माणसाचं नाव आपण स्पीकरच्या छाती हादरवणाऱ्या भिंतीला दिलं! असो. ती भिंत चौकातल्या मिरवणुकीसाठी बांधलेली असते. पुढे हजार माणसं चालत असतात, आवाज उघड्यावर विरून जातो. तीच भिंत चारशे माणसांच्या लॉनवर, समोर जेवणाची टेबलं ठेवून, ठीक वाजूच शकत नाही. राहत्या वस्तीसाठी कायद्याची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. समोरासमोर बसून बोलणाऱ्या दोघांचा आवाजच ६० च्या आसपास असतो, आणि भिंतीसमोरचा आकडा सहज शंभरच्या वर जातो. म्हणजे दहाच्या आतही तक्रार झाली तर तुमची बाजू लंगडी.

आवाज कमी ठेवून वाजवेल की, असं दादा म्हणेल. नाही वाजवणार. त्याची सगळी ऐट त्या बेसमध्ये आहे, ती काढून घेतलीस तर त्याच्याकडे वाजवायला काही उरत नाही. आणि मोठी अडचण नात्याची. पैसे देऊन आणलेल्या माणसाला "आवाज कमी करा" हे पाचव्यांदा सांगता येतं. दादाच्या मित्राला दोनदा. तिसऱ्यांदा सांगितलं की तो रुसणार, दादा त्याची बाजू घेणार, आणि रिसेप्शनच्या फोटोत दोन तोंडं फुगलेली दिसणार. त्याला दादासोबत जेवायला बोलव आणि सरळ सांग: बाबांची तब्येत आहे, आम्ही छोटा संच ठेवतोय, तू त्या दिवशी पाहुणा म्हणून ये आणि नाच. तब्येतीचं कारण खरंच आहे, त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही.

राहिला पुण्याचा. तो तुला इन्स्टावर आवडलाय. अगं, रीलमध्ये सगळेच आवडतात. वीस सेकंदांच्या तुकड्यात गर्दी उड्या मारते, वरून गाणं वेगळं चिकटवलेलं असतं, आणि गर्दी असते कॉलेजच्या गॅदरिंगची. त्याच्याकडे एखाद्या लग्नाचं न कापलेलं वीस-पंचवीस मिनिटांचं रेकॉर्डिंग माग. ते बघताना नाचणाऱ्यांकडे बघू नकोस. एखादं गाणं फसतं, माणसं पांगायला लागतात, तेव्हा तो काय करतो ते बघ. चांगला डीजे अर्ध्या मिनिटात ओळखतो आणि अलगद दुसऱ्या गाण्यावर जातो. कच्चा असेल तो आवाज वाढवतो आणि माइकवर ओरडतो, "काय सातारा, झोपलात का?"

फोनवर तो तुला काय विचारतो, याकडेही लक्ष ठेव. माणसं किती, वयं काय, सासरचे कुठले, जेवण कोणत्या बाजूला, असं त्याने आपणहून विचारलं तर अर्धी परीक्षा पास. नुसतंच "चार टॉप, चार बेस, सहा शार्पी, ट्रस, कोल्ड पायरो" असं सामान मोजून दाखवलं तर तो मंडपवाला आहे. तुझ्या लॉनला नाचाच्या चौकटीपाशी दोन टॉप (गाण्याचे स्पीकर) आणि दोन बेस (दणक्याचे) पुरतील, तोंडं जेवणाकडे न करता. एवढं कमी केलं की साठाचे किती होतात ते विचार. बरेच खाली येतील.

आणि त्या दिवशी प्रत्यक्ष येणार कोण, हे विचारायला विसरू नकोस. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्तांची रांग लागते, नाव असलेला डीजे एका संध्याकाळी तीन ठिकाणी बुकिंग घेतो आणि तुझ्याकडे त्याचा हाताखालचा पोरगा लॅपटॉप घेऊन येतो. पोरगा कधी कधी मालकापेक्षा चांगला वाजवतो, पण मग त्याला ऐकून ठरव आणि त्याचं नाव ठरावात लिहून घे.

गाणी लॅपटॉपमध्ये उतरवलेली हवीत, नेटवरून वाजवायची नाहीत. गावाबाहेरच्या लॉनवर चारशे फोन एकत्र आले की रेंज बसते. आमच्याकडे एका डीजेने घाईत स्वतःचा फोन ब्लूटूथला जोडला होता. नवरा-नवरी फुलांच्या चादरीखालून संथपणे येताहेत, सगळे उभे, कॅमेरे रोखलेले, आणि स्पीकरमधून त्याच्या बायकोचा आवाज: "अहो, सिलिंडर संपलाय, येताना बघा." पाचशे माणसं हसली. नवरी पण हसली, म्हणून निभावलं.

आता तुझ्या पत्रातली ती गोष्ट, जी तू जाता जाता लिहिलीस. सासरी तेलुगू बोलतात. सोलापुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेली, चादरी-टॉवेलच्या मागांवर शहर उभं करणारी तेलुगू घरं आहेत, ती तुझ्याइतकीच मराठी बोलतात. पण नाचताना माणसाला घरातली भाषा लागते. त्या बसमधून उतरलेल्या चाळीस-पन्नास माणसांनी रात्रभर फक्त मराठी आणि हिंदी गाणी ऐकली तर ती जेवतील, आहेर देतील, छान झालं म्हणतील आणि बसमध्ये बसतील. तुझ्या रिसेप्शनला आलीही होती आणि नव्हतीही, असं होईल. नवऱ्याच्या आत्याला फोन कर. आईला नको, ती "तुम्हाला आवडेल ते लावा" म्हणेल. आत्या खरं सांगते. तिच्याकडून सहा-सात तेलुगू गाणी घे: दोन तिच्या तरुणपणीची, बाकी आत्ताची. ती नाचाच्या पहिल्या वीस मिनिटांत वाजू देत, शेवटी नको, कारण बस. हे पुण्याच्या डीजेला सांग आणि तो काय म्हणतो ऐक. "तेलुगू? बघू, एखादं टाकू" म्हणाला तर दुसरा शोध. मी तरी त्या एका उत्तरावर निर्णय घेतला असता.

नको असलेल्या गाण्यांची यादीही दे. द्व्यर्थी गाणी नकोत हे तू सांगशीलच. त्यात नेत्यांची आणि समाजाच्या अभिमानाची गाणीही घाल, दोन्ही बाजूंची. कोणीतरी मित्र तिसऱ्या पेल्यानंतर येऊन फर्माईश करतो, चार पोरं हात वर करतात, चार पोरं खाली बसतात, आणि दोन समाजांच्या लग्नात ते खाली बसणं सगळ्यांना दिसतं. फर्माइशी घ्यायच्या त्या एकाच माणसाकडून. तो माणूस तू नाहीस आणि दादाही नाही. एखादी मावसबहीण बघ, जिचं दादा ऐकतो. तिचा नंबर डीजेला दे, आणि तिच्याशिवाय कोणी काही सांगितलं तर "हो लावतो" म्हणून लावायचं नाही, हेही सांगून ठेव. चांगल्या डीजेला हे येतंच.

लेझर मात्र अजिबात नको, पॅकेजमध्ये फुकट असला तरी. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझर डोळ्यांत जाऊन पडद्याला इजा झाल्याच्या घटना आपल्याच भागात झाल्यात. शिवाय तो कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडला तर कॅमेरा जातो, म्हणजे लग्नाचे फोटोही गेले. साधे रंगीत लाइट पुरे.

पैशाचं थोडक्यात. व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घे: गाडीभाडं कोणाचं, सामान उतरवायला किती माणसं आणि त्यांची ताटं किती (चार-पाच धर, आणि ती केटररला आधी सांग), सामान किती वाजता लागणार, दोन कॉर्डलेस माइक, एक जादा लॅपटॉप. लॉनवाल्याला विचार, बाहेरचा डीजे आणला तर तो वेगळे पैसे घेतो का. बहुतेक घेतात. आमच्या कार्यालयातही घ्यायचे आणि पावती 'वीज' म्हणून फाडायचे, आता सांगायला हरकत नाही. डीजेचा लोड जेवणाच्या बाजूच्या लाइनवर टाकू देऊ नकोस, नाहीतर कॉफीचं मशिन लागलं की गाणं बंद.

स्पीकरचा परवाना पोलीस ठाण्यातून लेखी लागतो. तो कोण काढणार, लॉनवाला की डीजे की दादा, हे आत्ताच ठरव. दादाला दे, मित्राचं काम गेलं, निदान हे तरी त्याच्याकडे राहू दे. कोणी 'म्युझिक लायसन्स'चे, म्हणजे गाणी वाजवण्याच्या हक्काचे, पैसे मागितले तर ती निराळी गोष्ट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाला जोडून होणारे समारंभ यांना सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये ते पुन्हा स्पष्टही केलंय. तेव्हा नम्रपणे नाही म्हण. (गोव्यात हॉटेलात लग्न ठेवणाऱ्या वाचकांनी मात्र हा मुद्दा बुकिंगआधी हॉटेलकडून लिहून घ्यावा. लग्नात असे पैसे मागू नका, असं सांगणारं तिथल्या सरकारचं परिपत्रक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केलं.)

तर कोणता डीजे? पुण्याचाच, पण अर्ध्या सामानाचा, तेलुगू गाण्यांना हो म्हणणारा, आणि स्वतः येणारा. तसं जमलं नाही तर साताऱ्यात किंवा कराडात लहान संच ठेवणारी, वाढदिवस-डोहाळजेवणं करणारी माणसं असतात, त्यांच्यातला एक बघ. ही माणसं हळू वाजवायला घाबरत नाहीत. या आठवड्यातच ठरव, आणि त्याला फोन दुपारी दोननंतर कर. डीजे लोक त्याआधी उठत नाहीत.

– मावशी